सुमनताई आणि वडाचा चुलतभाऊ

माझ्या आईला "झाडाला पाणी घालू नका" असं तोंडावर सांगणारी बाई अख्ख्या झाशीत एकच निघाली. सुमनताई लघाटे. सांगितलं म्हणजे हळूच, बाजूला घेऊन वगैरे नाही. बाई रेल्वेत उद्घोषिका होत्या, जन्मभर स्टेशनवर गाड्या सांगितल्या. माइकची गरज त्यांना होती की त्यांची माइकला, हा वाद त्यांच्या निवृत्तीपर्यंत मिटला नाही म्हणतात. पुढे त्या आमच्या बिल्डिंगमध्ये, आमच्या डोक्यावरच्या मजल्यावर राहायला आल्या. त्यांनी जिन्यातून "विनू, वरचा दिवा लाव रे!" म्हटलं, की मी चपला शोधेपर्यंत तिकडे गरौठ्यात चार घरांत दिवे लागलेले असत. गरौठा इथून दोन तासांवर आहे. मी स्वतः जाऊन पाहिलेलं नाही, पण लागत असणार.

उंची पाच फुटांना दोन बोटं कमी, पदर कमरेला खोचलेला, उजव्या हाताच्या पहिल्या बोटाच्या नखात कायम माती. आणि घरात एकतीस झाडं. अंगणात नव्हे, गच्चीत नव्हे, घरात. पलंगाच्या उशाला, फ्रिजच्या डोक्यावर, देवघराच्या शेजारी, न्हाणीघराच्या खिडकीत. आणि झाडं तरी कसली? मुळात ब्राझील नाहीतर आफ्रिकेच्या जंगलात, बारा महिने दमट सावलीत राहणारी. ती इथे राहत होती.

झाशीचा मे महिना ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. या महिन्यात आमचा कावळा एका सावलीतून दुसऱ्या सावलीत उडतो आणि मध्ये ऊन लागलं तर रिक्षा करतो. इलाइट चौराह्यावरचं डांबर इतकं मऊ पडतं की आमच्या बाबांची एक चप्पल तिथे रुतली ती रुतलीच. पुढे तिच्यावरून दोनदा रस्ता झाला. दुपारी लू सुटली की खिडकीच्या फटीतून येणारी हवा इस्त्रीतून निघाल्यासारखी येते. अशा गावात कुणी कॅलेथियासारखं नाजूक झाड पाळतं का? बाई पाळत होत्या.

याचं मूळ एका नर्सरीवाल्यात आहे. निवृत्तीनंतर बाई घरासाठी साधा मनीप्लांट आणायला गेल्या. तिथे कोपऱ्यात मोठाल्या पानांचं, पानांना भोकं पडलेलं एक रोप होतं. बाईंनी हात लावला. नर्सरीवाला म्हणाला, "अरे माताजी, वो रहने दो. मॉन्स्टेरा है. झाँसी में नहीं चलेगा. और आपसे तो बिलकुल नहीं चलेगा."

बस्स. माणसानं बोलताना जरा तरी समोर बघावं! बाईंनी मनीप्लांट खाली ठेवला आणि ते भोकाचं झाड काखोटीला मारून घरी आल्या. पुढे त्याची पानं एवढी झाली की एका पानाखाली मी स्वतः पेपर वाचत बसलेलो आहे. तेव्हापासून "झाशीत होणार नाही" हे शब्द म्हणजे बाईंच्या लेखी शिफारसपत्र. कुणी एखाद्या झाडाबद्दल तसं म्हटलं की त्या नाव लिहून घ्यायच्या.

पण वेडेपणा नव्हता हं. निवड कडक. कोणाच्या घरात कोणतं झाड राहील हे त्या पेपर वाचून ठरवायच्या, म्हणजे अक्षरशः. दुपारी चारला दिवे बंद करून त्या खोलीत पेपर धरायच्या. बारीक अक्षरातल्या वधूवरांच्या जाहिराती वाचता आल्या, तर तिथे फिडल लीफ चालेल. नुसत्या बातम्या दिसल्या तर कॅलेथिया. नुसते मथळे दिसले तर अॅग्लोनिमा. "आणि काहीच दिसलं नाही?" मी एकदा विचारलं. "तर झीझी प्लांट. त्याला काही दिसायला नको असतं. तुझ्यासारखं आहे ते. कोपऱ्यात बसवलं की बसतं."

खरेदीही नर्सरीतून फारशी नाही. त्यांचा बाजार बबीन्याला. तिथे फौजेची छावणी. साहेब लोकांच्या बदल्या निघाल्या की सामान ट्रकमध्ये जातं आणि झाडं मागे राहतात. मेमसाहेब ती माळ्याला देऊन जातात, माळी ती विकतो. बदल्यांच्या दिवसांत बाई बसनं बबीन्याला हजर. पान उलटं करून खालची बाजू बघायची, गमला, म्हणजे कुंडी, उचलून बुडाला मुळं आलीत का बघायचं, आणि फुलावर आलेलं झाड कधीही घ्यायचं नाही. "नटवून बसवलंय त्याला. मूळ काय करतंय ते कोण सांगणार?" असं ते जगभर फिरलेलं, चार छावण्या पाहिलेलं झाड त्या घरी आणायच्या, आणि एखाद्या बदली होऊन आलेल्या बिऱ्हाडाला सांगावं तसं त्याला सांगायच्या, "हे बघ, इथे पाणी जड आहे. माणसं बरी आहेत. सवय होईल."

पाण्याची गोष्ट खरी होती. आमच्या बोअरचं पाणी एवढं खारं की बादलीत तांब्या टाकला तर तो आधी विचार करतो आणि मग बुडतो. त्या पाण्यानं कॅलेथियाची पानं कडेनं जळायची. बाईंनी शोध लावला की एसीच्या नळीतून ठिबकतं ते पाणी हलकं असतं. झालं. बिल्डिंगमधल्या प्रत्येक एसीच्या नळीखाली बाईंचा पाच लिटरचा कॅन लटकला. तळमजल्यावरचे मिश्राजी एसी बंद करून गच्चीवर झोपायला निघाले तर बाई जिन्यात उभ्या. "मिश्राजी, आज गर्मी नहीं लग रही?" "नहीं दीदी, हवा चल रही है." "चल रही होगी. आप एसी चलाइए. मेरे चार गमले प्यासे हैं." मिश्राजी निमूट खाली.

मात्र बाईंचं खरं युद्ध उन्हाशी नव्हतं, पाण्याशीही नव्हतं. पुण्याशी होतं.

आमची मराठी घरं इथे मूठभर. काही झाशीच्या जुन्या फौजेबरोबर आलेल्यांची, काही माझ्या आजोबांसारख्या रेल्वेच्या नोकरीवर आलेल्यांची. पोरं घरात हिंदी बोलतात, पण सकाळी अंघोळ झाली की तुळशीला तांब्याभर पाणी, हे कोणी विसरलेलं नाही. बाईंनी एका संक्रांतीला सगळ्या मराठी बायकांना वाण म्हणून अॅग्लोनिमाचं एकेक रोप दिलं. पंधरा दिवसांत सगळी मेली. बाई घरोघरी पंचनाम्याला निघाल्या. पहिलं घर आमचं.

"काय घातलंस याला?"

"पाणी," आई म्हणाली. "रोज. अंघोळ करून, सोवळ्यात."

बाईंनी मातीत बोट खुपसलं, दुसऱ्या पेरापर्यंत. बाहेर काढून आईच्या नाकाशी धरलं. "हुंग. चिखल आहे हा. मुळं कुजली. सोवळ्यात मारलंस तू त्याला!"

"अगं, रोप आहे. उपाशी ठेवू?"

"उपाशी नाही, तहानलेलं ठेव! तहानेनं मरायला त्याला महिना लागतो. तू आठ दिवसांत उरकलंस." आणि मग जिन्यात येऊन, साऱ्या बिल्डिंगला, "पुण्य करायचं असेल तर तुळशीला करा! माझ्या झाडांना बोट घालून बघा, कोरडं लागलं तरच वाटीभर!"

आई फणकाऱ्यानं आत गेली. तिसऱ्या दिवशी मी पाहिलं, तर ती तुळशीत बोट घालून बघत होती.

आता खरी गोष्ट. बाईंचा मुलगा अभय पुण्याला. चांगला मुलगा. चांगल्या मुलांचा त्रास असा की ते दर रविवारी फोन करतात आणि दर रविवारी तेच म्हणतात: आई, एकटी राहू नकोस, फ्लॅट विकून टाक, इकडे ये. बाई फोन स्पीकरवर ठेवून पानं पुसत बसायच्या. त्यांना स्पीकरची गरज नव्हती, पण त्यामुळे आम्हा सगळ्यांना दोन्ही बाजू ऐकू यायच्या. त्या वर्षी सुनेचं बाळंतपण मे महिन्याच्या शेवटी आलं. बाई जाणार हे ठरलेलंच होतं. अभयनं मुद्दा काढला.

"आई, तू झाडांसाठी तिथे अडकलीयेस. तू दीड महिना इथे आलीस की ती मरणारच."

"नाही मरणार."

"झाशीत? जूनमध्ये? तू नसताना? बरं, असं करू. मी तुला सोडायला येईन. एकतीसच्या एकतीस जिवंत असतील तर मी हा विषय जन्मात काढणार नाही. एक जरी गेलं, तर फ्लॅट विकायचा."

"मंजूर," बाई म्हणाल्या. खाली मिश्राजींच्या घरातली कुकरची शिट्टीसुद्धा थांबली.

मी त्यांना विचारलं, कशाला अडकलात? पुण्यात बरंच आहे की. हवा छान, काहीही लावा, येतं.

"तेच तर. तिथे काहीही येतं. तिथे माझं काय काम?" मग त्यांच्या हिशेबानं हळू आवाजात, "तिथे माझी खोली आहे विनू. इथे माझं घर आहे. दाराला आतून कडी मी घालते. नातवाला बघीन, न्हाऊमाखू घालीन, आणि परत येईन. कडी सोडणार नाही."

जायच्या आधी त्यांनी घराची किल्ली आईकडे दिली आणि कॅलेंडरच्या पाठीवर पाण्याचं वेळापत्रक लिहिलं. झीझी आणि स्नेक प्लांट राजधानीत: मध्ये कुठे थांबायचं नाही, महिन्यातून एकदा पाणी. मॉन्स्टेरा एक्स्प्रेस: आठ दिवसांनी. कॅलेथिया पॅसेंजर: दर चौथ्या दिवशी, पण एसीचंच. कूलर दुपारी बारा ते पाच, झोत भिंतीवर, झाडांच्या अंगावर नाही. झाडं एकमेकांना चिकटून, म्हणजे एकमेकांना ओल देतील. मग त्या आईला घेऊन खोलीच्या मधोमध उभ्या राहिल्या. तिथे फिडल लीफ होतं, माणसाएवढं उंच, व्हायोलिनच्या आकाराची जाडजूड पानं, बाईंचा सगळ्यांत मोठा गर्व.

"हा माझा साहेब. याला हलवायचं नाही, गमला बदलायचा नाही, मुळांना हात लावायचा नाही. याला राग येतो, पानं टाकतो. पंधरा दिवसांनी दोन वाट्या. थेंब जास्त नाही." आणि मग, स्वतःच्याच हातानं स्वतःचं नशीब फोडत, बाई प्रेमानं म्हणाल्या, "मोठ्या घराण्यातला आहे. वडाचा चुलतभाऊ लागतो."

आईनं हात जोडले. मी ते पाहिलं होतं. मला तेव्हाच समजायला हवं होतं.

बाई गेल्या. नात झाली. आई वेळापत्रक असं पाळत होती की स्टेशनमास्तरनं येऊन शिकावं. बोट घालायची, हुंगायची, वाटी मोजायची. आणि मग ज्येष्ठ लागला.

आमच्याकडे एक गंमत आहे. इकडच्या बायका वटसावित्री अमावास्येला करतात, आमच्या पौर्णिमेला. मध्ये पंधरा दिवस. त्या वर्षी ऊन असं की देवळामागच्या खऱ्या वडाला जायचं म्हणजे सात जन्म मागायला जाऊन हाच जन्म तिथे ठेवून यायचा. अमावास्येला सकाळी मिश्राइन भाभी पूजेचं ताट घेऊन आमच्या दारात. "अम्माजी, सुना है दीदी के घर में बरगद है? कूलर में?"

आईनं किल्ली काढली.

"वो बरगद नहीं है भाभी, उसका भाई है," मी आतून ओरडलो.

"भैया, खानदान तो वही है न!" मिश्राइन भाभी म्हणाल्या.

त्या आणि त्यांच्या चार मैत्रिणी कूलरच्या गारव्यात साहेबाभोवती फिरल्या, सूत गुंडाळलं, पाच लोटे पाणी घातलं. आई म्हणते तिनं नको म्हटलं. मग पंधरा दिवसांनी आमची पौर्णिमा. त्यांच्या बायका पूजून गेल्या आणि आपण उन्हात मरायचं का, असा सवाल मराठी महिला मंडळात उठला. आठ बायका आल्या. आठ तांबे. हळद, कुंकू, पंचामृत. वर आईनं स्वतःचं म्हणून वाटीभर दूध. वेळापत्रकात दूध नव्हतं, त्यामुळे दुधाला बंदीही नव्हती, असं तिचं म्हणणं.

चौथ्या दिवशी पहिलं पान पडलं. फिडल लीफचं पान साधं पडत नाही, ताट पडल्यासारखं पडतं. आम्ही खाली जेवत होतो. ठप्प. आईचा घास हातात. दुसऱ्या दिवशी तीन. दर "ठप्प"ला आई देवाचं नाव घ्यायची. वर जाऊन पाहिलं तर खोडाला पांढऱ्या सुताचे वेढे, माती आंबलेली, वर चिलटं, आणि साहेब काळेठिक्कर. ज्याच्याकडे तेरा बायकांनी सात-सात जन्म मागितले, तो स्वतः आठवडा काढू शकला नाही. बाबा चष्म्यावरून म्हणाले, "आता तो करार रद्द समजायचा का?" आईनं त्यांच्याकडे असं पाहिलं की ते पेपरात शिरले ते दोन दिवस निघाले नाहीत.

आणि त्याच संध्याकाळी बाईंचा फोन: रविवारी पोचतेय. अभय बरोबर आहे.

आई रडली. मी तिला रडताना फार पाहिलेलं नाही. "सुमनचं घर माझ्या हातानं गेलं रे," म्हणाली. मिश्राइन भाभी जिन्यातच बसल्या, डोक्याला हात लावून. मग त्याच उठल्या. "रोने से क्या होगा? भैया, बबीना जाओ. किसी न किसी साहब का तबादला हुआ होगा."

मी बँकेत पोटदुखीची रजा टाकली आणि बबीन्याला गेलो. देव आहे. माळ्याकडे फिडल लीफ होतं, जवळजवळ तेवढंच उंच, पानं दोन-तीन इकडेतिकडे. परतीच्या बसमध्ये ते खिडकीशी बसलं आणि मी उभा. कंडक्टरनं त्याचं तिकीट फाडलं, माझं विसरला. मुळांना हात लावायचा नाही हा बाईंचाच हुकूम, म्हणून गमल्यासकट आणलं आणि साहेबाच्या जागी ठेवलं. गमल्याच्या एका बाजूला पांढऱ्या ऑइल पेंटनं कुणा मेजरसाहेबांचं नाव आणि पलटणीचा नंबर, फौजी पद्धतीचा. ती बाजू भिंतीकडे केली. जुनं झाड मिश्राजींनी गच्चीवर नेलं.

रविवारी दुपारी बाई आल्या. दार उघडलं. आम्ही सगळे मागे, लग्नात मुलीकडचे उभे राहतात तसे. अभय मोजत निघाला. फ्रिजवरची, उशाची, न्हाणीतली. "अठ्ठावीस... एकोणतीस... तीस." आणि मग मधोमध.

बाई साहेबासमोर उभ्या राहिल्या. वर पाहिलं, खाली पाहिलं. मातीत बोट घातलं, दुसऱ्या पेरापर्यंत. या बाईला एकेका पानाचा वाढदिवस पाठ होता. त्यांनी बोट काढलं, पदराला पुसलं, आणि अशा आवाजात म्हणाल्या की खाली रस्त्यावरचा भाजीवाला थांबला: "एकतीस. मोज परत हवं तर. सगळी जिवंत."

अभय वाकला. गमल्यामागे हात घालून त्यानं तो जरासा फिरवला. मला भिंतीच्या बाजूनं "मेज" एवढं दिसलं. त्यालाही दिसलं असणार; तो माझ्यापेक्षा जवळ होता. मग त्यानं गमला होता तसा, भिंतीकडे, नीट फिरवून ठेवला आणि उठला.

"एकतीस आहेत," तो म्हणाला. "मोठं झालंय हं हे, आई."

"होणारच. बस. चहा टाकते."

तो गेल्यावर आई बाईंसमोर जाऊन उभी राहिली. बाईंनी एकच विचारलं, "दूध कोणी घातलं? फरशीला अजून वास येतोय."

"मी."

"गाईचं का म्हशीचं?"

"म्हशीचं."

"बरोबर. साहेब पहिल्यापासून पोटाचा नाजूक होता." बाई हसल्या, मग हसायच्या थांबल्या. गच्चीवर जाऊन बराच वेळ बसून आल्या. मी धीर करून विचारलं, की ताई, तुम्ही अभयला चक्क...

"काय चक्क? सगळी जिवंत आहेत म्हटलं. नाहीयेत? तीच आहेत असं म्हटलं का मी?" आणि बोट माझ्या छातीवर रोवून, "आणि तू रे? तू बबीन्याला पर्यटनाला गेला होतास?"

पुढच्या वर्षी माझी नागपूरला बदली झाली. सामान पुढे गेलं होतं. मी स्टेशनला निघालो ती भर दुपार, लू अशी की ऑटोवाल्यानं तोंडाला ओलं फडकं बांधलेलं. इलाइट चौराह्यावर सगळं तुंबलेलं. हॉर्न, शिव्या, शिट्ट्या. मधोमध एक ई-रिक्षा आडवी. मागच्या सीटवर एक अवाढव्य फर्न, पहाडातल्या धुक्यात वाढणारं, दोन्ही बाजूंनी बाहेर आलेलं, ओल्या चादरीत गुंडाळलेलं. ड्रायव्हरशेजारी सुमनताई, डोक्यावर काही नाही, अर्धं अंग रिक्षाच्या बाहेर.

वाहतूक पोलीस म्हणत होता, "अम्मा, ये झाँसी में नहीं लगेगा, मर जाएगा, और गाड़ी हटवाओ!"

"आप सीटी बजाइए! लगाना मेरा काम है!"

मी हाक मारली. त्या हॉर्नच्या गदारोळात काय ऐकू जाणार? माझा ऑटो बाजूनं निघाला. मागं वळून पाहिलं तेव्हा पोलिसानं दोन्ही बाजूंची वाहतूक थांबवलेली होती, पन्नास गाड्या ताटकळत होत्या, आणि बाई मागं वाकून, पदराच्या ओल्या टोकानं, फर्नच्या एकेका पानावरची चौराह्याची धूळ पुसत होत्या.